कड उसवलेला पट्टा

माझ्या मावशीला आमच्या गल्लीत सगळे पट्टेवाली मावशी म्हणतात. नवीन माणसाला वाटतं, बाई कुठल्यातरी कचेरीत साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसत असणार. तसं काही नाही. डिझेल गाडीच्या इंजिनात पुढच्या अंगाला एक दातेरी रबरी पट्टा असतो, टायमिंगचा. तो बसवण्यात तिचा हात धरणारं आसपास कोणी नाही. दुसरं कारण तिच्या तोंडाचा पट्टा. तो सुरू झाला की गिऱ्हाईक गाडीतून उतरून खाली मान घालून उभं राहतं.

मावशी मूळची शिवणकाम करणारी. लग्न होऊन आली ती शिलाई मशीन घेऊनच, आणि घरात ते ठेवायला जागा नव्हती. घर म्हणजे दोन खोल्या, त्यांच्या पाठीला पाठ लावून काकांची, म्हणजे मावशीच्या नवऱ्याची, गॅरेजची पत्र्याची शेड, आणि मध्ये एक बिनगजाची खिडकी. त्या खिडकीतून चहाचे भरलेले कप बाहेर जायचे आणि रिकामे आत यायचे. मशीन मग शेडच्याच कोपऱ्यात लागलं. इकडे मावशी पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायची, तिकडे काका इंजिनं उघडायचे, आणि दोघं एकमेकांच्या आवाजाला नावं ठेवायची. काका म्हणायचे, तुझ्या मशीनच्या टकटकीत मला माझं इंजिन ऐकू येत नाही. मावशी म्हणायची, तुमच्या इंजिनाच्या धुरात माझे पांढरे पडदे राखाडी होतात, गिऱ्हाइकाला सांगते आता हाच रंग आलाय बाजारात.

एकदा एका गाडीत इंजिन आणि बाजूचा पत्रा यांच्या मधल्या बोळकांडीत एक नट अडकला. काकांचा पंजा म्हणजे फावडं. तो काही आत जाईना. शिव्या ऐकून मावशी मशीनवरून उठली, बांगड्या कोपरापर्यंत मागे सारल्या, हात आत घातला आणि चिमटीत नट धरून बाहेर काढला. "यासाठी मघापासून पूर्वजांना जागं करत होतात?" असं विचारून परत टीप मारायला बसली. काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच हाक मारली, "अगं, जरा हात दे." दिलेला हात मग काही परत आला नाही. हळूहळू पडदे कमी झाले, पट्टे वाढले, आणि मशीनवर पान्यांचा डबा येऊन बसला.

तिला हे काम कळलं कसं, असं लोक विचारतात. ती म्हणते, त्यात काय, माझ्या मशीनलाही पट्टाच होता. चाक जरा वाकडं झालं की पट्टा एका अंगाला सरकतो आणि त्या अंगाची कड खात बसतो. मशीनचा पट्टा तुटला तर नवा घालायचा, टीप पुढे चालू. डिझेलचं तसं नाही. खाली पिस्टन वर-खाली करतात, वर वॉल्व उघडझाप करतात, आणि दोघांनी एकमेकांच्या वाटेत यायचं नाही एवढं सांभाळायचं काम त्या पट्ट्याचं. तो तुटला की पिस्टन वर येतो आणि नेमका तेव्हाच वॉल्व खाली उतरलेला असतो.

"एका न्हाणीघरात दोघं एकदम घुसल्यावर होतं ते," मावशी समजावते. "फरक इतकाच, की इथे कोणी सॉरी म्हणून बाहेर येत नाही."

काकांचं वेगळं होतं. काका कानांचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि तोंड थोडं उघडं टाकून ऐकत राहायचं. बघणाऱ्याला वाटावं, लांबच्या बहिणीशी फोनवर बोलतोय हा माणूस. पण कुठल्या नळकांड्यात काय बिघडलंय ते बरोबर सांगायचे. कान शेवटपर्यंत खणखणीत. गेले ते डोळे.

डोळे एकदम गेले नाहीत. आधी काकांनी बल्बला दोष दिला. हल्लीच्या बल्बांत दम नाही म्हणाले, आणि शेडमध्ये आणखी एक ट्यूब लावली. मग त्या ट्यूबला दोष दिला आणि आणखी एक लावली. असं करत करत शेड सर्कशीच्या तंबूसारखी लखलखायला लागली. तरी काकांचं पालुपद एकच, "अगं, उजेड नीट धर!" मावशी बॅटरी धरून बिचारी हात अवघडून उभी. बॅटरी बरोबर असायची, बोल्टही जागेवर असायचा. नेत्रतपासणीचं शिबिर भरलं तेव्हा तिने त्यांना ओढून नेलं. डॉक्टरीण म्हणाली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलाय, काढून टाकू. काका तिथून जे निघाले ते चप्पल दुसऱ्याची घालून.

"डोळ्यात सुरी घालणार म्हणे," ते घरी येऊन म्हणाले. "मी जिवंत असताना!"

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची इंजिनं उघडून आतलं बाहेर काढून ठेवलं, त्याला स्वतःचं झाकण उघडू द्यायची भीती. आणि काम तर थांबलं नाही. काका अंगठ्याने बघायला लागले. बोल्टचा आटा, पट्ट्याचा दात, चकतीवरची खूण, सगळं अंगठा फिरवून ओळखायचे. तेही इतकं सफाईने, की गिऱ्हाइकांना पत्ता लागला नाही. फक्त टायमिंगचं काम मावशीने बोलता बोलता आपल्याकडे घेतलं. तिथे खुणा असतात बारीक, आणि चूक माफ होत नाही.

एकदा चिडून ती बोलून गेली होती, "दिसत नाही तर सांगा ना सरळ!" काका त्यानंतर चार दिवस शेडमध्ये गेलेच नाहीत. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवले, पण पाहुण्यासारखे, वाढलं तेवढं. मीठ कमी आहे असंही म्हणाले नाहीत. मावशी घाबरली ती त्याला. शेवटी तिनेच एका गाडीचं इंजिन मुद्दाम बेसूर चालू ठेवलं, तेव्हा ते कानांना सहन न होऊन उठून आले. त्या दिवसापासून तिने डोळ्यांवर अवाक्षर काढलं नाही. पण घोर तोच होता. या माणसाच्या डोळ्यांवर इलाज तर व्हायला हवा, आणि तो करताना हा माणूस भिंतीकडे तोंड करून कायमचा झोपता कामा नये.

तर असं सगळं चाललेलं असताना एका सकाळी काचवाला आला.

काचवाला म्हणजे खिडक्यांच्या, आरशांच्या काचा घरपोच करणारा. लाकडी घडवंचीत गोणपाट लावून काचा उभ्या बांधायच्या आणि दवाखान्यापुढून जाताना चालवावी तशी गाडी चालवायची, हा त्याचा धंदा. त्या धंद्याने त्याचा आवाजही मऊ पडलेला. मोठ्याने बोललं तर काही तडकेल, अशी सवय. त्या सुमाराला मी मावशीकडेच राहायला होतो. सकाळची वेळ, खिडकीच्या आतल्या बाजूला बसून मटार सोलत होतो, आणि मावशी कणीक मळत होती.

"काका," काचवाला कुजबुजला, "गाडीत जीव राहिला नाही. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी रडकुंडीला येते. चढावर मागचा सायकलवाला घंटी वाजवून पुढे जातो."

"धूर?"

"पांढरट. भरपूर. मागचे लोक शिव्या देतात."

"त्या तुला तशाही देतात. मुंगीसुद्धा पुढे जाते तुझ्या गाडीच्या."

"काच असते काका आत."

"आज आहे?"

"नाही, आज रिकामी आहे."

"मग आज तरी माणसासारखी चालवायचीस!"

गाडी एकदाची खोकत सुरू झाली. काकांनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. मागून पुढे एकेक जागा ऐकत आले. पुढच्या झाकणापाशी आले आणि थांबले. बराच वेळ तिथेच. तोंड उघडं होतं ते मिटलं. मावशीचे कणकेतले हात थांबले. तिने खिडकीतून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि परत कणकेकडे पाहिलं.

"इंजेक्टर," काका म्हणाले.

"तिकडचा गॅरेजवालाही तेच म्हणाला," काचवाला म्हणाला.

मावशीने आतून विचारलं, "पुढून काही खसखसतंय का हो?"

"पंख्याचा पट्टा असेल."

"आणि टायमिंगचा?"

"टायमिंगचा मी स्वतः घातलाय. गेल्या थंडीत. नवा कोरा. त्याला काय धाड भरलीय?"

मावशीने कणकेला एक गुद्दा दिला. गेल्या थंडीत माझी आई तापाने पडली होती, म्हणून मावशी आमच्याकडे आली होती. तेवढ्यात काचवाल्याचं काम निघालं, आणि काकांनी ते तिच्यामागे एकट्याने उरकलं होतं.

काकांनी इंजेक्टर, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या तोट्या, सोडवले. बघण्यासारखं काम होतं ते. मान वर छताकडे आणि बोटं खाली आपल्या वाटेने चाललेली. चिंधीत बाळासारखे गुंडाळून ते काखेत मारले आणि पलीकडच्या गल्लीतल्या तपासणाऱ्याकडे निघाले.

ते कोपऱ्यावरून वळले न वळले तोच मावशीने हात धुतले. बाहेर आली, गाडीपाशी वाकली आणि पुढच्या झाकणाच्या खालच्या फटीवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. ती काळी पूड तिने चिमटीत चोळून पाहिली, हुंगली.

"तेल गळतंय का मावशी?" काचवाल्याने विचारलं.

"तेल असं कोरडं असतं होय रे? रबराचा भुगा आहे हा. सरक जरा."

झाकणाचे बोल्ट निघाले. आत सगळीकडे काळा कापूस पिंजून टाकल्यासारखं. पट्टा चकत्यांच्या मधोमध चालायचा सोडून बाहेरच्या अंगाला इतका सरकला होता, की त्याची कड चकतीच्या बाहेर लोंबत होती. त्या कडेला धागे सुटलेले, साडीच्या फाटक्या काठाला सुटतात तसे. झाकणाच्या आतल्या बाजूला तो घासून घासून एक चकचकीत रेघ पडली होती.

"कड उसवलीय," मावशी म्हणाली.

"जुना झाला असेल."

"जुना झाला की सगळीकडून होतो. दातांच्या मुळाशी चिरा पडतात, पाठ कडक होऊन चकाकते. हा बघ. दात कसे टवटवीत आहेत. आतली कड दुकानातून आणल्यासारखी. एकच बाजू खाल्लीय, म्हणजे पट्ट्याची चूक नाही. कोणीतरी याला तिरका चालवतंय."

तिने मशीनच्या खणातून शिवणकामाची पोलादी पट्टी काढली, आणि चकत्यांच्या तोंडावर आडवी धरून बघत गेली. एक चकती ठीक. दुसरी ठीक. मग आला टेन्शनर, म्हणजे पट्टा ताणून धरणारी बिनदाताची चकती. तिथे पट्टी एका कडेला टेकली आणि दुसऱ्या कडेखालून उजेड दिसला. बारीकच, नख जाईल न जाईल एवढा.

"हा बघ चोर," ती म्हणाली.

मग पाना लावून तिने इंजिन हाताने फिरवलं. ज्या बाजूला ते फिरतं त्याच बाजूला, हळूहळू, खालच्या चकतीची खूण जागेवर येईपर्यंत. आली. वरच्या चकतीची खूणही तेव्हाच आपल्या जागी यायला हवी. ती एक दात मागे होती.

"सरकला आणि ढिला पडला, आणि कधीतरी एक दात उडी मारली त्याने," मावशी म्हणाली. "म्हणून तुझं इंजिन श्वास उशिरा घेतंय. म्हणून धूर, म्हणून सायकलवाल्याची घंटी."

"आणि तुटला असता तर?"

"तर तू माझ्याकडे आला नसतास. भंगारवाल्याकडे गेला असतास."

काचवाल्याने डोळे मिटून घेतले. चढावर, काचांनी भरलेली गाडी, मागे वाहनांची रांग, असं सगळं त्याच्या मिटल्या डोळ्यांपुढून चालत गेलेलं मला मटार सोलता सोलता दिसलं.

मावशीने टेन्शनर सोडवला. त्याच्याबरोबर एक वायसर हातात आला, आणि तो हातात येताच ती खाली लाकडी पाटावर बसली. हा वायसर टेन्शनरच्या पाठीमागे, इंजिनाच्या बाजूला बसायचा असतो. तो होता पुढे, बोल्टच्या डोक्याखाली. चकतीला पाठीमागे आधारच नव्हता, मग ती तिरकी नाही तर काय होणार?

"कोणी केलं हो हे?" काचवाला म्हणाला, आणि लगेच त्याला आठवलं. "काकांनी? काकांनी केलं?"

"हळू! एरवी कुजबुजतोस, आज बरा गळा फुटला तुला."

"नाही पण मावशी, काका म्हणजे..."

"काका म्हणजे काका. जा, कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा पट्टा आणि नवा टेन्शनर घेऊन ये, माझं नाव सांग. हा तिरका चाललेला टेन्शनर आता कामाचा नाही, आतून आवाज करायला लागेल. आणि काका आल्यावर एक शब्द बोललास तर लक्षात ठेव, तुझ्या काचा आहेत आणि माझा हातोडा आहे."

तो गेला. मावशी वायसर तळहातावर घेऊन बसली होती.

"गुपचूप नवा बसव की," मी खिडकीतून म्हटलं. "काकांना सांग, इंजेक्टरच होते."

"बसवते. अर्ध्या तासाचं काम. आणि उद्या?"

"उद्याचं उद्या."

"आज काचा आहेत रे. उद्या कोणाच्या गाडीत पोरंबाळं असतील. सगळ्या गाड्यांच्या पुढे मी उभी राहणार आहे का? आता पुरे झालं."

"मग सांग त्यांना."

"सांगितलं होतं ना एकदा. तोंड दिसलं नाही चार दिवस, नुसती पाठ." ती उठली. "तोंडाने नाही सांगायचं."

काका आले ते तणतणत. इंजेक्टर ठणठणीत निघाले होते. तपासणाऱ्याने वर चहा पाजून टोमणा मारला होता, की तुमचे कान साफ करून घ्या. काचवाला तोवर सामान घेऊन येऊन कोपऱ्यात चोरासारखा उभा होता.

"फवारा असा आहे, की डोक्यावरून अंघोळ करावी," काका म्हणाले. "मग धूर कशाचा मरायला?"

"अहो, हे जरा बघा," मावशीने जुना पट्टा त्यांच्या हातात दिला.

"कुठला गं?"

"बघा तर."

काकांनी पट्टा दोन्ही हातांत घेतला, तोंड ट्यूबकडे वर केलं आणि डोळे मिटले. अंगठा दातांवरून चालायला लागला. एखादा जुना गवई सुरांवरून हात फिरवतो तसं म्हणता आलं असतं, पण खरं सांगायचं तर धान्यातले खडे चाचपणाऱ्या बाईसारखे दिसत होते.

"दात ताजे आहेत. मुळात चीर नाही. पाठ कडक झालेली नाही, म्हणजे तापलेला नाही." अंगठा आतल्या कडेला गेला. "ही कड नवी." मग बाहेरच्या. तिथे तो एकदम थबकला, मागे आला, परत गेला. "अरेरेरे. काय हाल केलेत याचे! तिरका पळवलाय, अगं. टेन्शनर वाकडा. वायसर पुढे टाकला असणार पाठीमागे टाकायचा तो. कुठल्या गाढवाने घातलाय हा? हातात पाना देऊ नये असल्यांच्या. सायकलचं पंक्चर काढायच्या लायकीचे नाहीत आणि डिझेलला हात घालतात! माणूस मेला असता एखाद्या चढावर. दिसत नाही का यांना..."

कोपऱ्यात काचवाल्याला खोकला आला. त्याने छताकडे बघून तो गिळला.

मावशी गप्प होती. ती गप्प आहे हे काकांच्या ध्यानात यायला वेळ लागला, कारण त्यांना त्याची सवय नव्हती. ते बोलता बोलता थांबले.

"कोणाचा आहे हा?"

काकांनी हात पुढे केला. गाडीचं नाक हाताला लागलं, मग झाकण असायला हवं ती जागा, मग उघड्या चकत्या, आणि त्यांच्यावर काही नाही. त्यांनी हात मागे घेतला आणि पट्टा दोन्ही हातांत नुसता धरून ठेवला.

"अंगठ्याला पट्टी होती माझ्या तेव्हा," ते म्हणाले. "तूच बांधून गेली होतीस. पत्रा लागला होता. ही एवढी जाड बांधलीस, की..."

"होती."

"पट्टी नसती तर मला कळलं असतं. हाताला लगेच कळतं मला."

"कळलं असतं, मला माहीत आहे," मावशी म्हणाली. आवाज असा, की उलटी पडलेली टीप कापड न फाडता उसवावी. "पट्टी अंगठ्याला होती हो. डोळ्यांना कुठे होती?"

आता हे तडक आत जाणार आणि भिंतीकडे तोंड करणार, असं मला वाटलं. मावशीलाही वाटलं असणार, कारण ती नकळत घराच्या दारात जाऊन उभी राहिली. काका हलले, पण आत गेले नाहीत. कोपऱ्याकडे वळले.

"काचवाल्या."

"नाही काका, मी काही बोललो नाही!"

"मी बोलतोय. पट्टा मी वाकडा बसवला. वायसर मला दिसला नाही." थोडं थांबून परत म्हणाले, जसं दुसऱ्याने म्हटलेलं तपासून बघावं, "दिसला नाही."

"राहू द्या हो काका, होतं माणसाकडून."

"राहू द्या काय? तुटला असता तर राहू द्या म्हणाला असतास? तुझ्यासारख्या भिडस्त लोकांमुळेच गॅरेजवाले माजतात! भांड की जरा!"

काचवाला बिचारा भांडायचं म्हणून घसा खाकरायला लागला, तो खाकरतच राहिला.

"राहू दे, जमायचं नाही तुला," काका म्हणाले. "पाना दे इकडे."

मग ते काम दोघांनी मिळून केलं. शिवणाच्या खडूने मावशीने खुणा ठळक केल्या. खालची जागेवर होतीच, वरची एक दात पुढे घेऊन जुळवली. वायसर काकांनी बसवला. अंगठ्याने बघितला, दुसऱ्या अंगठ्याने बघितला, मग मावशीपुढे धरला.

"पाठीमागे आहे?"

"आहे."

"बघून सांग, मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी आजवर काय सांगितलंय?"

ते काकांना पटलं. नवा पट्टा चढला. लांब बाजूला दोन बोटांत धरून काकांनी तो पिळून पाहिला, पाव फेरा वळून थांबला, तेवढाच ताण हवा. मग पान्याने इंजिन हातानेच फिरवलं, काका फिरवताहेत आणि मावशी बघतेय. खुणा गेल्या, आल्या, परत गेल्या, परत जुळल्या. पट्टा मधोमध. पोलादी पट्टीखालून उजेड नाही.

"कुठे अडलं?" मावशीने विचारलं.

"कुठेच नाही. लोण्यासारखं."

इंजेक्टर बसले, झाकण लागलं, काचवाल्याने सेल्फ मारला. पहिल्याच फटक्यात गाडी सुरू झाली, आणि तो इतका दचकला की त्याने ती बंदच केली.

"आता चढावर नेऊन बघायला हवी," काका म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं. चढ चढल्याशिवाय गाडी हातावेगळी करायची नाही.

"दवाखान्याकडचा चढ चांगला आहे," मावशी म्हणाली.

"कुठला दवाखाना?"

"डोळ्यांचा."

शेडमध्ये तेवढ्या ट्यूबा असूनही काकांच्या तोंडावर सावली आली. "दुसरे चढ मेले का सगळे?"

"हाच लांब आहे. तुम्हीच म्हणता, लांब चढावर गाडीची खोडी कळते."

"मी कामाच्या कपड्यांत आहे."

"डॉक्टरीण डोळे बघणार आहे, विजार नाही."

"आज लगेच सुरी?"

"आज नुसती तपासणी. पाहिजे तर तुम्ही तिचंही इंजिन कान लावून ऐका."

काका हसले नाहीत. उभे राहिले, हात चिंधीला पुसत. चिंधी उलटी करून परत पुसले. मग म्हणाले, "एक डोळा आधी. दुसरा नंतर. दोन्ही एकदम उघडायचे नाहीत, माझं इंजिन उघडं पडेल."

"एकच आधी."

"आणि तोवर शेड बंद नाही."

"मी मेले का? शेड चालू राहील."

"तसं नाही. मी बसणार स्टुलावर. ऐकायला."

"बसा की. नाहीतरी दुसरं काय करता?"

ते गाडीत पुढे बसले, मावशी मध्ये, आणि मी मागे रिकाम्या घडवंचीला धरून उभा. कणीक तशीच झाकून ठेवली होती. काचवाला सवयीप्रमाणे हळू निघाला, तर काका ओरडले, "अरे दाब की! रिकामी आहे ना गाडी?" चढाला लागल्यावर त्याने गिअर खाली घेतला, तर म्हणाले, "कशाला? वरच्यातच राहू दे. खेचते का बघू." गाडीने खेचलं. मागे धूर नाही, पुढे खसखस नाही. अर्ध्या चढावर आम्ही एका सायकलवाल्याला मागे टाकलं, तेव्हा काचवाला खिडकीतून बाहेर वाकून त्याच्याकडे इतक्या आनंदाने बघत राहिला, की मावशीने त्याचं डोकं धरून रस्त्याकडे वळवलं.

"ऐकलंत?" तिने काकांना विचारलं.

"ऐकलं. सूर लागलाय." मग थोड्या वेळाने, "हात चांगला बसलाय तुझा."

"आपला," मावशी म्हणाली.

दवाखान्याच्या दारात काचवाल्याने गाडी थांबवली. काका लगेच उतरले नाहीत. इंजिन चालू ठेवायला सांगितलं, आणि मान एका बाजूला करून आणखी थोडं ऐकत बसले. मावशीने घाई केली नाही. मग ते दार उघडून स्वतःच उतरले, कपडे झटकले, चार पावलं चालले आणि थांबले. पुढे पायऱ्या होत्या. एरवी ते पायाने चाचपून चढले असते, आणि चाचपलंच नाही असं दाखवलं असतं.

"किती आहेत गं?" त्यांनी विचारलं.

मावशीने मोजल्या नाहीत. त्यांच्या कोपराला धरलं.

"चला. संपल्या की सांगते."